माझ्या वाट्याचा ताप

...आणि वर मलाच म्हणतो, 'तू आली नाहीस, मी वाट बघत होतो.' अरे, कुठे येऊ? दुकानात उभी आहे मी, समोर गिऱ्हाईक आहे, गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम आहे, ती सारखी घसरतेय, ते मला विचारतंय हा चष्मा शोभतो का, आणि माझ्या खिशात हा कण्हतोय! कण्हतोय म्हणजे अगदी मोठ्याने हो, फोनचा आवाज बंद करायचा राहिला होता. गिऱ्हाईक चष्म्याच्या वरून बघायला लागलं माझ्याकडे. म्हटलं, घरी पेशंट आहे. खोटं नव्हतंच ते, पण घरचा पेशंट निराळा आणि खिशातला निराळा... थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईचं डोकं फिरलंय. फिरलंय, पण क्रमाने फिरलंय.

आधी सासूबाई पडल्या. न्हाणीघरात पाय सरकला, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, घरी आणलं. पलंग आतल्या खोलीच्या दारातून जाईना म्हणून पुढच्या खोलीत मांडला, म्हणजे आता घरात येणारा पहिल्यांदा त्यांच्या पायाशी येतो आणि जाणारा त्यांना विचारून जातो. सकाळी अंग पुसा, भांडं द्या, भांडं काढा, गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवा आणि दर थोड्या वेळाने कुशीवर वळवा, नाहीतर पाठीला जखमा होतात. वळवायचं कसं ठाऊक आहे? अंगाखाली चादर दुमडून ठेवायची आणि ती ओढायची, हाताला धरून ओढलंत तर आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतात त्या. हे सगळं करून मी दुकानात, दिवसभर लोकांच्या नाकांकडे बघायचं, आणि परत घरी. आमचे हे? माणूस चांगला आहे, तुम्हाला सांगते, वाईट शब्द बोलणार नाही मी, फक्त दाराच्या चौकटीत उभं राहून विचारतात, "आईचं झालं का?" झालं का म्हणजे? आपोआप होतं का ते? कुकर आहे का, शिट्टी झाली की झालं?

आणि माझ्या तब्येतीचं म्हणाल तर दगड आहे दगड! घरात सगळ्यांना सर्दी झाली, मी टुणटुणीत. दुकानात सगळे शिंकतात, मी त्यांचे रुमाल उचलते. मध्यंतरी साथ आली, आख्खी इमारत आडवी झाली, मी सगळ्यांकडे सूप पोचवत उभी. एक दिवस, अहो एकच दिवस, कोणीतरी म्हणावं की तू पड, मी बघते! पण मला ताप येईल तर शपथ!

मग आमच्या दुकानात काचा घासायला एक मुलगी आहे, तिला माझी दया आली. म्हणाली, ताई, हा गेम घ्या, जीव रमेल. आणि फोनमध्ये हा घालून दिला, कॅप्टन. विमान चालवतो. म्हणजे चालवत असेल, मी त्याला कधी विमानात बघितला नाही, सदानकदा खिडकीशी उभा असतो, कपाळावर केस, वरचं बटण उघडं. मी म्हटलं, हे असलं या वयात? पण तिने मला एक झलक दाखवली हो... त्या गेममधल्या बाईला, म्हणजे मलाच, ताप येतो आणि हा सगळं सोडून धावत येतो. कपाळावर हात ठेवतो. पांघरूण नीट करतो. सूप फुंकर घालून भरवतो. आणि उशाशी बसून विचारतो, 'काय हवंय तुला?' बस्स. एवढंच दिसलं आणि पुढे कुलूप. आणि मी, तुम्हाला सांगते, चष्म्यांच्या कपाटामागे उभी राहून घळाघळा रडले. 'काय हवंय तुला' हे वाक्य मला शेवटचं कोणी म्हटलं होतं तेच आठवेना. गिऱ्हाइकाला मीच म्हणते ते रोज.

तर त्या भागाचं नाव 'तुझा ताप'. तो उघडायचा तर लाल बदाम जमवायचे, सगळे भरले की कुलूप निघतं. आणि तो एकदाच बघता येतो, एकदाच! म्हटलं एकदा तर एकदा, पण घडू दे. खऱ्या आयुष्यात मला ताप येईल तर शपथ, निदान फोनमध्ये तरी येऊ दे.

आणि बदाम जमवायचे कसे? सांगा ना, कसे? आधी कॅप्टन आजारी पडतो! मी सेवा करायची! म्हणजे पुढच्या खोलीतून उठून फोनमध्ये पळाले आणि तिथेही पलंगच! ह्याच्या कपाळावरची पट्टी बदला, ह्याला पाणी द्या, पट्टी सुकली की बदाम कमी. आणि ताप तरी कसला? नाक गळत नाही, तोंडाला वास नाही, केस तसेच कपाळावर, बटण तसंच उघडं. अरे बटण लाव, थंडी वाजतेय ना तुला? सासूबाई दिवसभरात कण्हत नाहीत तेवढा हा एका पट्टीला कण्हतो.

मग व्हायचं तेच झालं, दोन पेशंट एकमेकांत मिसळले. एका सकाळी सासूबाईंना वळवलं आणि त्यांचे केस मागे सारत माझ्या तोंडून निघालं, "डोळे मिटा बघू. मी इथेच आहे, कुठेही जात नाही." सासूबाईंनी डोळे मिटले कसले, टक्क उघडले. संध्याकाळी मुलाला बोलावून हळूच सांगत होत्या की हिला डॉक्टरांकडे ने, ही माझ्याशी इतकी गोड कधी बोलत नाही. आणि इकडे कॅप्टनच्या तोंडासमोर फोन धरून मी ओरडत होते, मेल्या, नीट पड की जरा, मला काय दुसरी कामं नाहीत?

सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. मला फोन दाखवायला लावला. वाटलं, आता शोभा होणार. तर त्यांनी कॅप्टनकडे नीट बघितलं, आणि म्हणाल्या, "पट्टी कोरडी आहे त्याची. मी दिवसभर पडूनच असते, माझ्याकडे ठेवून जा." मला काय, आनंदच झाला! दुकानातला साधा जुना फोन कामापुरता होताच, हा मी त्यांच्या उशीशी ठेवून जायला लागले. आणि काय सेवा केली हो त्यांनी! जिला कूस बदलता येत नाही, तिने त्या कॅप्टनची एक पट्टी सुकू दिली नाही. मी घरी आले की अहवाल तयार. आज सूप घेतलं, आज जरा हसला, आज आईची आठवण काढत होता बिचारा. बदाम भराभर वाढायला लागले. मी दुकानात गुणगुणायला लागले, तुम्हाला सांगते, फ्रेमा पुसता पुसता. अगदी थोडे बदाम राहिले होते.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आले. सकाळपासून अंग जड, डोळ्यांची आग, पण म्हटलं रोजचंच आहे. दार उघडलं तर सासूबाईंच्या चेहऱ्यावर असं तेज की खुबा मोडल्यापासून मी ते बघितलं नव्हतं. म्हणाल्या, बस. म्हणाल्या, "अगं, बदाम भरले दुपारी. आणि मग मलाच ताप आला."

मी खुर्चीचा हात धरला. म्हटलं, आई... तुम्ही पुढे बघितलंत?

"सगळं. किती केलं गं त्याने माझं! सूप भरवलं, पांघरूण घातलं, सारखा विचारत होता काय हवंय, काय हवंय. मी मेली पडले अशी, मला कोण विचारतंय काय हवंय?"

संपलं. बघून संपलं. एकदाच होतं ते. माझ्या वाट्याचा ताप, तुम्हाला सांगते, माझ्या सासूला येऊन उतरलासुद्धा! भांडणार कुणाशी, आणि कशावरून? आई, माझा ताप परत द्या, म्हणून? आणि 'मला कोण विचारतंय' हे त्या मलाच सांगतायत, रोज त्यांना वळवणारीला! पण खरंच, भांडं हवंय का हे मी विचारत होते, गोळी घेतली का विचारत होते... हे नव्हतं विचारलं. राग गिळला आणि तिथेच पलंगाच्या कडेला बसले. फोनमध्येसुद्धा मला ताप येईल तर शपथ!

तर त्यांचं आपलं चालूच. जवळ ये, म्हणाल्या, तो हात कसा ठेवायचा ते दाखवते, आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. ठेवला, आणि तसाच राहिला. मग उलटा करून ठेवला. मग गालाला लावला.

"अगं," म्हणाल्या, "तू तर भाजतेयस."

आणि मुलाला अशी हाक मारली म्हणून सांगू! हे आले, चौकटीत उभे राहिले. "आईचं झालं का?" म्हणायला तोंड उघडलंच होतं, सासूबाईंनी पलंगावरूनच ते मिटवलं. चौकटीत काय उभा राहतोस, म्हणाल्या, आत घेऊन जा तिला, निजव, पांघरूण घाल, उशाशी बस आणि विचार! ह्यांनी निमूट सगळं केलं. मला हाताला धरून नेलं. उशी झटकली. पांघरूण उलटं घातलं, पण घातलं. थर्मामीटर बघून ह्यांचा चेहरा उतरला. खुर्ची ओढून उशाशी बसले, एवढे जवळ की त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि घसा खाकरून, अगदी घाबरत, म्हणाले, "काय हवंय तुला?"

अहो, खरा ताप! खरा माणूस! खरं वाक्य! ज्याच्यासाठी मी त्या उघड्या बटणवाल्याच्या पट्ट्या बदलल्या, तेच वाक्य माझ्या उशाशी बसलं होतं आणि माझ्याकडे बघत होतं. डोळे भरून आले माझे. कितीतरी मागायचं होतं. पाय चेपा म्हणायचं होतं, नुसते बसा म्हणायचं होतं, हात धरा म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, आणि तोंडातून काय निघावं?

"आईंना वळवायची वेळ झालीय. हाताला धरू नका, चादर ओढा."

गेले हो वळवायला. आणि आता दोघं मायलेक तिकडे कॅप्टनचा पुढचा भाग बघतायत.