गोळी उतरेपर्यंत

तपासनीस: आता गळ्याचं बटण लावा, काका. घाई नाही.

मास्तर: घाई कसली, मॅडम? उभा जन्म शिलाई मशीनवर गेला. लोकांच्या शर्टांना हजारो बटणं लावली, स्वतःच्या गळ्याचं एक लागणार नाही? हे घ्या. लागलं.

तपासनीस: छान.

बायको: छान नका म्हणू हो बाई! ह्यात छान काय आहे? रोज सकाळी शर्ट मी घालते ह्यांना. हात असा उडत असतो की बाही एकीकडे आणि हात दुसरीकडे. दोघंही घामाघूम होतो.

तपासनीस: काकू, तुम्हाला विचारेन तेव्हा सांगा. आधी मला त्यांचं बघू दे.

मास्तर: बोलू द्या तिला. राग माझ्यावर आहे, निघतोय तुमच्यावर.

तपासनीस: आता उठून दारापर्यंत जा आणि परत या. आधार लागला तर घ्या.

मास्तर: जातो की. नवा सूट घालून बघणारं गिऱ्हाईक जातं तसा जातो. वळून पण दाखवू?

तपासनीस: वळा.

बायको: अहो, भिंत धरा! रोज धरता ना? मग आज काय झालं?

मास्तर: आज लागत नाहीये गं. लागत नाही तर कशाला धरू? उगाच, दाखवायला?

तपासनीस: दाखवायला काहीच करू नका. बसा, काका. झालं.

बायको: झालं म्हणजे? काय लिहिताय? बाई, थांबा जरा. लिहू नका. चूक माझी आहे.

तपासनीस: कसली चूक?

बायको: गोळी दिली मी. तुम्ही यायच्या अर्धा तास आधी. कंपवाताची. ती चढली की हे असे होतात. हसतात, बोलतात, चालतात. तास, फार तर दीड तास. मग उतरली की लाकूड. पाय जमिनीला खिळतात, तोंडातून शब्द फुटत नाही.

तपासनीस: पण गोळी रोजचीच ना? कागदावर आहे.

बायको: रोजचीच हो. वेळ आम्ही पुढे-मागे करतो. कुणी येणार असलं की त्याच्या वेळेला गोळी. माझा भाऊ येऊ दे, जुनं गिऱ्हाईक येऊ दे, आधी विचारायचं, किती वाजता येताय? ह्यांना तसल्या अवस्थेत कुणी बघितलेलं आवडत नाही. आता सवयच झालीय घराची. सकाळी तुमचा फोन आला, येतेय म्हणून, आणि माझा हात आपोआप डबीकडे गेला. डोक्यात आलंच नाही की तुम्ही पाहुण्या नाही.

मास्तर: मी म्हणालो होतो, आज देऊ नकोस.

बायको: कधी म्हणालात? गिळून झाल्यावर!

मास्तर: गिळल्यावरच सुचलं ना.

तपासनीस: काका, काकू, ऐका. तुम्हाला आजार नाही असं कुणीच म्हणत नाही. डॉक्टरांचं पत्र आहे माझ्याकडे. पण अपंगांच्या पेन्शनची पद्धत आता बदललीय. आजार कुठला ते बघायचं नाही, माणसाला काय काय जमतं ते घरी जाऊन बघायचं. जे जमलं, त्याच्यापुढे 'जमतं' लिहायचं; गुण फक्त 'जमत नाही'ला, आणि त्या गुणांवर पेन्शन. सगळ्यांचीच फेरतपासणी चाललीय, एकट्या तुमचीच नाही.

बायको: मग जे जमत नाही तेही बघा की! तासभर थांबा. जेवूनच जा. काय असेल ते दोन घास खा आमच्याबरोबर, आणि मग बघा ह्यांच्याकडे. घास तोंडापर्यंत न्यायचा म्हटलं तर निम्मा मांडीवर.

मास्तर: अगं, ते जेवणाचं कशाला सांगतेस आता?

बायको: सांगणार! सगळं सांगणार! लाज ठेवून ठेवून ही वेळ आलीय आपल्यावर.

तपासनीस: काकू, तपासणीच्या घरी आम्हाला पाणीसुद्धा घ्यायला परवानगी नाही. आणि पुढे अजून चार घरं आहेत.

बायको: बाई, तुम्हाला आई-वडील असतील. मी लाँड्रीत इस्त्री करायचे. ह्यांना घरात ठेवून जायचे, दुपारचं झाकून ठेवून. एकदा संध्याकाळी आले तर हे बाथरूममध्ये पडलेले. सकाळचे पडलेले. वर नळ चालू. अंग नुसतं गार. हाका मारून मारून आवाज बसला होता आणि ऐकायला कुणी नाही. त्यानंतर ही पेन्शन मिळाली. तिच्यावर मी घरी राहते. ती थांबली की मला कामावर जायलाच लागेल, आणि हे पुन्हा इथे एकटे. एवढंच आहे. दुसरं काही मागत नाही मी.

तपासनीस: मी शेरा लिहीन. गोळीचा अंमल होता, असं स्पष्ट लिहीन.

बायको: शेऱ्यावर पेन्शन राहते?

तपासनीस: शेऱ्याला गुण नाहीत.

बायको: मग काय करायचाय तो शेरा?

तपासनीस: खरं सांगू? मलाही माहीत नाही. गेल्या महिन्यात एका बाईंकडे दुसऱ्यांदा जाऊन आले. पहिल्यांदा गेले तेव्हा नेमका त्यांचा बरा दिवस होता म्हणून. मलाच नोटीस आली, एका घरावर एवढा वेळ का घालवला. माझीही तपासणी होते, काकू.

बायको: मग आज थोडं थांबा. दुसऱ्यांदा यायला नको.

तपासनीस: वीस मिनिटं. त्याच्या पुढे नाही. पुढच्या घरी सांगेन, गाडी मिळाली नाही म्हणून.

बायको: देव तुमचं भलं करो. बसा, ह्या खुर्चीत बसा, पंख्याखाली. अहो, तुम्ही बोलू नका आता. गप्प बसून राहा.

मास्तर: गप्प कसा बसू? घरात माणूस आलंय. मॅडम, रागावणार नसाल तर एक विचारू? हा कोट तयार घेतलाय ना?

तपासनीस: हो. ऑफिसकडून मिळतो. का?

मास्तर: डावा खांदा उतरलाय. तुमचा नाही, कोटाचा. कापणाऱ्याने एकावर एक वीस कापडं टाकून एकदम कात्री चालवली, त्यात खालच्या कापडाचं वाटोळं झालं. ते तुमच्या वाट्याला आलं.

तपासनीस: मला वाटायचं, बॅगेने माझाच खांदा वाकडा झालाय.

मास्तर: छे! अंग सरळ आहे तुमचं. लग्नाच्या आधी ही पण असंच म्हणायची, मला काही घातलं तरी शोभत नाही. मी म्हटलं, बाई, एकदा माझ्या हातचं घालून बघ.

बायको: पुरे. त्यांना काय करायचंय त्या गोष्टी?

मास्तर: घातलं, आणि अडकली.

तपासनीस: काका, तुम्ही पण ना!

बायको: हसवू नका त्यांना! अहो, हात बघू. इकडे करा. दोन्ही.

मास्तर: हे बघ.

बायको: मघाशी अंगठा हलला होता. मी बघितला.

मास्तर: बोलताना हलला असेल. आता नाही हलत.

बायको: कधी नव्हे ते आजच कशी टिकतेय ही गोळी! परवा भाऊ आला होता, त्याचा चहा व्हायच्या आत उतरली.

तपासनीस: काकू, मला निघायला हवं.

मास्तर: मॅडम, एक मिनिट. त्या कोटाचं अस्तर उसवलंय, खिशाजवळ. बसल्यावर दिसतंय. टाका घालून देतो. अगं, सुई-दोरा दे.

बायको: डोकं फिरलंय का तुमचं?

मास्तर: दे म्हणतो ना. पांढरा नको, काळा.

तपासनीस: काका, राहू द्या. खरंच राहू द्या. त्याची काही गरज नाही.

मास्तर: पाणी घेत नाही तुम्ही, चहा घेत नाही. टाक्याला तर बंदी नसेल? आण गं. ओवून नको देऊस. तशीच दे.

बायको: तशीच कशी? तुम्हाला कुठे...

मास्तर: तशीच दे.

बायको: घ्या.

(मास्तर दोऱ्याचं टोक सुईच्या नेढ्याशी नेतो.)

मास्तर: गेला.

बायको: अहो...

मास्तर: गेला गं दोरा. एका दमात गेला.

तपासनीस: काका, हे कशाला केलंत? आता मी हे बघितलंच नाही, असं कसं करू? बारीक कामाचा वेगळा रकाना आहे. तेवढा एक तुमच्या बाजूने जाणार होता. शिंपीकाम हातामुळेच सुटलं म्हणून मी तो न विचारताच 'जमत नाही' धरून चालले होते.

बायको: बाई, नका लिहू ते. पाया पडते.

तपासनीस: असं करू नका, काकू. उठा. तुम्हाला अपील करता येतं. कार्यालयात या, मी कागद भरून द्यायला मदत करेन. मात्र अपिलाचा निकाल लागेपर्यंत रक्कम बंद राहते, हे आत्ताच सांगते. नंतर धक्का नको.

बायको: अपिलाला किती दिवस?

तपासनीस: लागतात. येते मी.

मास्तर: मॅडम, अस्तर राहिलं.

तपासनीस: राहू दे, काका. तसंच राहू दे.

(तपासनीस जाते. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी होतात.)

बायको: सुई कशाला मागितलीत?

मास्तर: दार लाव आधी.

बायको: दार गेलं खड्ड्यात. मी विचारतेय, सुई कशाला मागितलीत? त्या पोरीसमोर मिरवायचं होतं? कोटाचा खांदा काय, अस्तर काय!

मास्तर: मिरवायला नाही गं.

बायको: मग?

मास्तर: बटण लागलं, चालता आलं. म्हटलं, आता ही बाई रिकामी उठून जाणार. एक गोष्ट तरी अशी हवी, जी मला नक्की येत नाही. सुई येत नाही. दुकान बंद केलं ते कशामुळे? त्या दिवसापासून एकदा तरी ओवली का मी सुई? चांगल्या वेळेतसुद्धा नाही. म्हटलं, समोर बसून प्रयत्न करतो, दोरा इकडे-तिकडे जाईल, ती बघेल आणि लिहील. सोंग नाही, खोटं नाही. खरोखर येत नाही तेच दाखवायचं.

बायको: अरे देवा.

मास्तर: आणि तो गेला, गं. मी नीट धरलाही नव्हता.

बायको: मला सांगायचं तरी! मी दिलीच नसती सुई.

मास्तर: तिच्यासमोर कसं सांगणार?

बायको: मी तुमच्या हाताकडे बघत होते, सगळा वेळ. मनात म्हणत होते, हल ना. हल की आता. नवऱ्याचा हात थरथरावा म्हणून देवाचा धावा केला मी. कुणी बायको करते असं? नरकातही जागा मिळणार नाही मला.

मास्तर: मग मीही येतो तिथे. मीही तेच म्हणत होतो.

बायको: तुम्ही हसलात मात्र. दोरा गेला तेव्हा.

मास्तर: दिसलं तुला?

बायको: दिसणार नाही?

मास्तर: बरं वाटलं गं. काय करू? सगळं बुडालं हे कळत होतं, समोर ती कपाळाला हात लावून बसली होती, तरी बरं वाटलं. शरम वाटते आता.

बायको: शरम कसली त्यात? एवढ्या वर्षांनी आला हात जाग्यावर. मी पण खूश व्हायला हवं होतं. झाले नाही, हे वाईट आहे.

मास्तर: लाँड्रीवाला घेईल परत?

बायको: घेईल. इस्त्रीला माणूस टिकत नाही त्याच्याकडे. उद्या जाऊन येते.

मास्तर: माझ्यासाठी कुणी येईल का, मधे एकदा? खालच्या मजल्यावरची?

बायको: तिच्या घरी तिची सासू अंथरुणावर. कुणाला सांगणार? भाऊ येईल महिन्यातून एकदा, तोही फोन करून.

मास्तर: हं. अगं, हा हात बघ. आली थरथर.

बायको: दिसतंय मला.

मास्तर: हाक मार तिला खिडकीतून. अजून रस्त्यावर असेल. शर्टबिर्ट राहू दे, लाळ गळली तरी गळू दे. बघू दे तिला.

बायको: ती गेली. मघाशीच बघितलं मी. गाडीत बसली ती.

मास्तर: बरं.

बायको: या, मला धरा. खुर्चीपर्यंत जाऊ. पाय उचला.

मास्तर: उचलत नाहीये.

बायको: मी म्हणते एक-दोन, त्या तालावर टाका. एक. दोन. असं. एक. मला नीट धरा, लाजू नका. दोन. बसा आता. मागे सरका. पाणी देऊ?

मास्तर: नको. ऐक. आवाज... जायच्या आत सांगतो.

बायको: बोला. जवळ आहे मी.

मास्तर: तू कामावर गेलीस ना... की मी उठणार नाही. तहान लागली तरी नाही. बाथरूमला तर नाहीच.

बायको: सबंध दिवस? असं कसं जमेल हो?

मास्तर: जमेल. सकाळी जिथे बसवून जाशील... संध्याकाळी तिथेच सापडेन.