केवड्याचं विसरण

"हॅलो?… हॅलो! हाव, अमडापूरच्या पोस्टातून बोलून राह्यली. खामगावची शाळा द्या, जिथं मास्तर लोकायचं शिक्षण चालू हाये… कोणाले बोलवू म्हंजे? आमच्या घरच्याहिले… नाव?… नावच पाह्यजे का?"

गोजरबाईनं पदर दाताखाली धरला. ठप्पे मारणाऱ्या पोस्टमास्तर इंद्रभानांचा हात वरच्यावर थांबला. लग्न झाल्यापासून हे नाव तिनं उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. मग आजही उखाण्यातच घेतलं.

"कापूर जळला देव्हाऱ्यात, मागं राहिना राख,
शेषरावांचं नाव घेते, भाऊ, मार लवकर हाक!… हासू नको बाप्पा, बोलाव त्याहिले."

पायाशी पत्र्याची पेटी होती. बाहेर तिच्या माहेराला, धामणगाव बढ्याला जाणारी एस.टी. उभी होती. नवऱ्यानं आज खरं सांगितलं नाही तर त्या गाडीत बसायचं, हे ठरवूनच तिनं घराला कुलूप घातलं होतं.

"हॅलो… मी बोलून राह्यली… मी म्हंजे कोण? आवाजबी इसरले का?… नाही, तब्येत चांगली हाये. म्हैसबी चांगली हाये, शेजारी तानुबाईच्या गोठ्यात बांधली… काऊन बांधली थे मंग सांगते. अवो, म्हशीचं काय घेऊन बसले! रविवारी घरी आले तवा सदऱ्याले वास कायचा होता?… हो, केवडाच. दोनदा सोड्यात धुतला, तरी सुटेना."

रविवारपासून तो केवडा तिच्या घरभर हिंडत होता. आधी सदऱ्यात होता, मग गोधडीत शिरला, मग पिठाच्या डब्यात. काल तर ओंजळीतल्या पाण्यालाही तोच वास आला.

"अत्तर? तुम्ही कवापासून अत्तरवाले झाले? लगनात कानात फाया ठेवला तं शिंका देऊ देऊ अंतरपाट हालवला होता तुम्ही!… बाई? कोणती बाई?… सरस्वतीबाई. तुमच्यासंगं शिकते. अस्सं… राहू द्या, मले ठाऊक हाये. आपल्या गावचा कडूबा सरकी घ्याले आलता तिकडं. त्यानं खिडकीतून ऐकलं. तुम्ही तिले म्हनत होते, 'बाटली उघडा, इसरन आपोआप होते.'… हासता काऊन?… आन् थे म्हणे, 'उन्हाळ्यात लवकर होते, हिवाळ्यात उशीर लागते.' बायकोले इसरायले तुम्ही उन्हाळा-हिवाळा पाह्यता का?"

तिनं पदर डोळ्याला लावला. इंद्रभान उगाच रिकाम्या कागदावर ठप्पा मारू लागले.

"काय?… वि-स-रण? थे अलग हाये? पुस्तकातलं?… बोला, ऐकून राह्यली… अत्तराचे कण. दिसत नाही… हवेच्या कणायले धडका देत देत मागच्या बाकापर्यंत जातात… मागच्यानं हात वर केला का समजायचं, पोचला वास… आन् गरमीत कण जास्ती पळतात. हं… मंग दगडाचे काऊन नाही पळत?… हाव, फुगडीवानी! हात घट्ट धरून जागच्या जागीच थरथर. पान्याच्या कणायचे हात ढिल्ले, एकमेकाच्या अंगावरून सरकत जातात. आन् हवेत तं कोणाचा हात कोणाच्या हातात नाही… समजलं मले. आता तुम्ही सांगा, तुम्ही याच्यातले कोणते? दगडातले का हवेतले?"

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. तिच्या बोटाभोवती आवळलेली फोनची वायर हळूहळू सैल झाली.

"माह्यं नाव? भरल्या वर्गात?… मी घरी लसणाची फोडणी टाकली का शाळेत तुमचं गणित चुकते, हे सांगितलं? साऱ्यायले?… चला, काहीतरीच तुमचं!… सारे हासले?… थेबी हासली?… काय म्हणे?… 'एकदा जेवायलेच आलं पाह्यजे.' अस्सं म्हणे."

ओठाशी आलेलं हसू तिथंच गोठलं.

"नाही, राग कायचा? फक्त एवढं सांगा, बाटली कोणाची?… तिची. घरून आणलेली. आन् उघडली तवा तुम्ही कुठं होते? मागच्या बाकावर?… अवो, मागच्या बाकावरच्या माणसाच्या सदऱ्याले दोन धुण्यात न जाणारा वास लागते का?… सांडली? बाहीवर? कोणाच्या हातून?… बोला ना. कोणाच्या?… दोघायच्या."

बाहेर धामणगावच्या गाडीनं भोंगा दिला. गोजरबाईनं तिकडं पाहिलं, मग पेटीकडं.

"नाही, रुसली नाही. माहेरी कायले जाऊ? तुमचं घर मी सांभाळलं, म्हैस मी सांभाळली, आन् मीच जाऊ?… त्या बाईले म्हणा, अमडापूरची तकलीफ घेऊ नको. मीच येऊन राह्यली खामगावले… आज. आत्ता… खोलीत आणखी दोन मास्तर हायेत? असू द्या. त्याहिले म्हणा, आज लाल मिरचीची फोडणी हाये, आन् बाईलेबी पंगतीले बसवा. अगदी चुलीजवळ. कण कसे पळतात थे मी दाखवते… हॅलो?… अवो, ठसका आतापासूनच लागला का?… हॅलो?… हॅलो?"

लाइन तुटली. गोजरबाईनं पेटी उचलली.

"जाऊ द्या त्या गाडीले, इंद्रभानभाऊ. खामगावची कवा येते?"