मामांचा बंद खड्डा

जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, बायांनो, सिद्धेश्वरहून, जवळा बाजारहून आलेल्या पाहुण्यांनो, समद्यांना माझा नमस्कार. सुनेनं सासऱ्याच्या शोकसभेत माईक धरावा, अशी आपल्या गावात रीत न्हाई. सरपंचांनी नाव पुकारलं म्हणून उभी राहिले. थांबत थांबत बोलेन. सांभाळून घ्या.

मी सुनंदा. मामांची थोरली सून. मामा या शाळेत जन्मभर शिपाई होते. आज त्यांचा फोटो ज्या ओट्यावर ठेवलाय, तो ओटा रोज त्यांनीच झाडला.

तुमाला ठाऊक आहे, मामांना एकच नाद होता. दोन खड्ड्यांचा संडास. जवळ्याच्या बाजारात हॉटेलात बसले तरी तोच विषय. लोक भजी खाऊन राहिले अन् मामा त्यांना संडास सांगून राहिले! हॉटेलवाल्यानं एकदा हात जोडले, म्हणला, "मामा, च्या फुकट घ्या, पण गप प्या." हसा, हसा. मामाबी हसायचे.

पण हा नाद लागला कशानं? शाळेच्या संडासाची टाकी भरली की वस्तीवरून किसनकाकांना बोलावून आणायचं काम मामांचं. किसनकाका आत उतरायचे, बादल्या भरून वर द्यायचे. बाहेर आले की मामा त्यांच्या हातावर पाणी ओतायचे. लांबून. तांब्या लागू न देता. किसनकाका, तुमी मागं बसलाय, तुमाला आठवत असंल. मामा मला म्हणले होते, "पोरी, घाण आमची अन् इटाळ त्याला. हे काहून? त्या तांब्याची मला आजवर लाज वाटती."

मग मामांनी आपल्या घरी दोन खड्डे खोदले. एक भरला की बंद करायचा, दुसरा चालू. बंद खड्ड्याला दोन वर्षं हात लावायचा न्हाई. मी इचारलं, "मामा, तोवर आत काय होतं?" शाळेत मास्तर लोकांचं याच संडासाचं ट्रेनिंग झालं, तेव्हा पाण्याचा जार घेऊन मागं उभं राहून ते समदं ऐकून आलेले. म्हणले, "आत जेवणावळ बसती. मातीत बारीक जीव असतात, डोळ्याला दिसत न्हाईत. ते खाऊन राहतात. पाणी विटांच्या फटीतून मुरून जातं. मागं जे उरतं त्याला माती धरून ठेवती. तिच्यात चुना असतो, लोखंडाचा अंश असतो, चिकणपणा असतो. ती सोडत न्हाई. म्हणून वास जातो. दोन वर्षांनी उघड, नुसतं खत. अन् त्या जिवांना जात पुसायला फुरसत न्हाई."

पहिल्या खड्ड्याची दोन वर्षं भरली, अन् तेव्हाच मामांनी अंथरूण धरलं. गावासमोर तो स्वतःच्या हातानं उघडायचा होता त्यांना. मला जवळ बोलावलं. माझा हात धरला. म्हणले, "आता तू उघड. उपसायला माणूस बोलावू नको." मी व्हय म्हणले.

व्हय म्हणायला काय लागतं? मी तीनदा झाकणापर्यंत गेले. तीनदा माघारी आले. नाकाला पदर लावून. जीव, माती, चुना, समदं समजत होतं मला. पण पोटाला कोण समजावणार? बाया काय म्हणतील? उद्या माझ्या हातची भाकर कोण खाईल? अन् इकडं मामा रोज इचारायचे, "उघडला का?" एक दिवस मी म्हणले, "व्हय मामा. उघडला. काळीभोर माती निघाली."

आत्ता सरपंच बोलले. माझे दीर, आमचे भाऊजी बोलले. दोघांनीही सांगितलं, मामांच्या सुनेनं खड्डा उघडून त्यांचा शब्द खरा केला. तेरा दिवस मी हेच ऐकून राहिले. स्वयंपाकघरात जावं, तर बाया पाठीवरून हात फिरवतात. ओसरीवर बसावं, तर पाहुणे शाबासकी देतात. अंगणात पळावं, तर समोर ते झाकण. मला घरात जागाच उरली न्हाई.

मंडळी, तो खड्डा कुणीच उघडला न्हाई. मी खोटं बोलले.

अजून सांगते. मामांनी माती बघायला मागितली. मी उकिरड्यातलं मूठभर खत नेलं अन् त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी वास घेतला. बोटानं उकरलं. आत सोयाबीनचं भुसकट निघालं. संडासाच्या खड्ड्यात सोयाबीनचं भुसकट कुठून येईल? भाऊजी तिथंच उभे होते. मामांनी ते भुसकट चिमटीत धरलं, माझ्याकडं पाहिलं, अन् गुपचूप उशीखाली सारलं. एवढंच म्हणले, "झाकण लई जड हाय पोरी. एकटीनं उचलू नको."

दोन दिवसांनी मामा गेले. त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी मला चारचौघांत उघडं पाडलं न्हाई. चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते. आता कुणापुढं सुटू?

दुसराही खड्डा भरत आलाय. भाऊजी म्हणतात, पहिल्यातलं खत उपसायला किसनकाकांना सांगू. किसनकाका, तुमी या, पण पाहुणे म्हणून या. तुमच्यासाठी खुर्ची टाकलीय.

शोकसभेत दोन मिनिटं उभं राहायची रीत आहे. आज इथं नका राहू. आमचं घर शाळेच्या मागंच आहे, तिथं चला. फावडं अन् घमेलं मी काढून ठेवलंय. आत माती झालीय का अजून घाणच आहे, मला ठाऊक न्हाई. पावसाचं पाणी शिरलं असंल, तर घाणच निघेल. मला भीती वाटून राहिली. पण झाकणाची एक बाजू मी धरते. दुसरी धरा, असं मी कुणाला सांगणार न्हाई. नुसते उभे राहिलात तरी चालंल. फक्त ती दोन मिनिटं नाकाला पदर लावू नका, रुमाल लावू नका.

मामा, तुमच्या पाया पडते. माफी आत्ता मागत न्हाई. झाकण उचलल्यावर मागते.