गेरू लावलेला धोंडा

मंडळी, मागं उभे आहात ते पुढं या. जागा आहे. वरसे गावचे आहात, अष्टमीचे आहात, पेणवरून शशीच्या गावची माणसं आली आहेत. धाटावची शिफ्ट संपवून, घरी न जाता, तसेच आलेले त्याचे सोबती आहेत. आणि डोंगरावरच्या वाडीतून ठकूबाई चालत आल्या आहेत. सगळ्यांना माझा नमस्कार.

मला भाषण येत नाही. अष्टमीच्या बाजारात माझं गाद्यांचं दुकान आहे, मी कापूस पिंजणारा माणूस. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायला सांगा, दुपारपर्यंत घालीन. पण शशीच्या फोटोला हार घातलाय आणि त्याच्या शेजारी उभं राहून मी बोलायचं, हे काही मला झेपणारं नाही. तरी बोलणार आहे. आज गप्प बसलो तर एक गैरसमज तसाच राहील, आणि तो एका बाईला जन्मभर जाळील. ती बाई इथे पुढं बसली आहे. शशीची आई. आपण सगळे त्यांना माई म्हणतो.

काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात कामावरून घरी येताना वळणावर शशीची स्कूटर घसरली. रस्त्यावर खडी सांडली होती. डोकं आपटलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

एवढंच झालं. पण तिरडी उठायच्या आधीच कुजबुज सुरू झाली. धोंड्यांवर चढायचा ना तो? वाडीवरच्या देवाच्या धोंड्यावरही चढला होता म्हणे. मग देव सोडील का? कोण बोललं ते मी विचारत नाही. पण ते माईंच्या कानावर गेलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्या चुलीपुढं बसल्या होत्या, चूल पेटवलेली नव्हती. मला म्हणाल्या, "अण्णा, माझ्या पोरानं देवावर पाय दिला. म्हनून देवानं नेला त्याला. मी कोनाला दोष देऊ?"

मंडळी, पोटचा पोर गेला, आणि वर चूकही त्याचीच, असं ती आई मनाशी धरून बसली आहे. म्हणून मी उभा राहिलो आहे.

शशी माझ्याकडं पहिल्यांदा आला त्याला आता काही वर्षं झाली. रोह्यात एसटीडीचे बूथ नुकतेच दिसायला लागले होते. पेणच्या खाडीकडचं गाव, आईबाप मिठागरात राबलेले, धाटावच्या केमिकल कंपनीत फिटर म्हणून लागला आणि वरशाला खोली घेऊन राहिला. दुकानात येऊन म्हणाला, "अण्णा, गादी पायजे. जाड. खांद्यावर मारून डोंगरात न्यायची हाय."

मी म्हटलं, "डोंगरात कोणाला झोपवतोयस?"

"झोपायला नाय. धोंड्यावरून उडी मारली तर खाली अंथरायला."

मला वाटलं पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. कंपनीतल्या वासानं होतं कधी कधी. पण तो बसला आणि समजावत राहिला. पुण्याच्या काही मुलांबरोबर ट्रेकला गेला होता, तिथे शिकून आला. दोर नाही, खिळे नाहीत. माणूस-दीड माणूस उंचीचा धोंडा, आणि आपली बोटं. बोल्डरिंग म्हणतात, म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडं याला रिकामटेकडेपणा म्हणतात. हसला. गादी घेऊन गेला. पुढच्या रविवारी परत आला, म्हणाला, "अण्णा, गादी चांगली झालीय. पन खाली उभं राहायला माणूस पायजे."

तो माणूस मी झालो. मी कधी एक धोंडा चढलो नाही. माझं पोट बघताय ना. माझं काम खाली उभं राहायचं. हात वर करून, तळवे उघडे ठेवून. तो सुटला तर त्याला झेलायचा नाही, झेपणारच नाही. फक्त पाठीला हात लावून गादीवर ढकलायचा, डोकं वाचवायचं. आणि त्याचा एकच नियम होता. तो उतरेपर्यंत मी हात खाली करायचे नाहीत. एकदा विडी काढायला मी हात खिशात घातला, तर वरून ओरडला, "अण्णा, हात!" माझ्या बायकोनंही मला असा दम कधी दिला नाही.

पण चढणं नंतरचं. आधी धोंडा सापडला पाहिजे. हा मुलूख त्याला परका. तो खाडीवरचा, सपाटीवर वाढलेला. त्याच्या गावी धोंडा म्हणजे बांधावर टाकायला बाहेरून आणावा लागे. इथले डोंगर, इथल्या वाड्या, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मग शोधायचा कसा?

तो एसटीत खिडकीशी बसायचा आणि डोंगराच्या पायथ्याकडं बघत जायचा. जिथे कडा तुटलेला दिसेल तिथे खाली धोंडे पडलेले असणार, हे त्याचं पहिलं गणित. मग त्या थांब्यावर उतरायचं. उन्हाळ्यात गवत जळून गेलं की शोधायला निघायचं, कारण पावसाळ्यात झुडपात हत्तीही लपेल. आणि माणसांना विचारायचं. पण रस्ता विचारायचा नाही. गुरं राखणाऱ्यांना विचारायचं, "दुपारची गुरं सावलीला कुठं बसतात?" मोठ्या धोंड्याची सावली गुरांना आपल्या आधी सापडते. कुंडलिकेच्या पात्रातले गुळगुळीत दगड बघून मी हरखलो होतो. तो म्हणाला, इथे नको, वरच्या धरणातून पाणी कधी सोडतील भरवसा नाय.

धोंडा सापडला तरी लगेच हात लावायचा नाही. आधी त्याच्या खालची जमीन बघायची. वर बघायचंच नाही. "अण्णा, चढायला जागा कशी हाय ते मागाहून. पडायला कशी हाय ते सांगा." मग लहान दगडानं ठोकून आवाज ऐकायचा, पोकळ वाजला तर सोडून द्यायचा. गांधीलमाशीचं पोळं आहे का बघायचं.

आणि सगळ्यात शेवटी, जवळच्या वाडीत जाऊन विचारायचं. या धोंड्याला नाव हाय का? नाव असेल तर तो कोणाचा तरी देव. नाव असेल तर हात जोडायचे आणि मागं फिरायचं. कितीतरी सुंदर धोंडे आम्ही असे सोडून आलो. मी चिडायचो. अरे, इतकी पायपीट केली, बाजूनं चढ की, शेंदूर तर पुढं लावलाय! तो म्हणायचा, "देवाला काय पुढची आनी मागची बाजू असते व्हय?"

मंडळी, असा माणूस देवावर पाय देईल?

आता त्या वाडीवरच्या धोंड्याची गोष्ट. चढताना त्याला कोणी गुराख्यानं पाहिलं असेल, पण पुरी गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती. शशी असता तर मी ती कधीच सांगितली नसती, कारण सांगू नका असं तोच म्हणाला होता.

करवंदीच्या जाळ्या ओलांडून गेलं की तो धोंडा. काळा, उभा, एका बाजूला जरा पुढं झुकलेला. शशी त्याच्याभोवती फिरत राहिला. मग गादीवर बसला आणि म्हणाला, "अण्णा, ह्याच्यासाठीच फिरत व्हतो." वाडीत विचारलं. नाव नव्हतं. कोणी पुजत नव्हतं. तिथे जायचं कोणाला कारणही नव्हतं. मग आम्ही खालचे टोकदार दगड उचलून बाजूला रचले, काटे तोडले, जमीन सपाट केली. पुढचा महिनाभर सुट्टीच्या दिवशी तो त्या धोंड्यावरून पडत होता. आणि मी हात वर करून उभा. एके दिवशी चढला. वर जाऊन बसला, खाली माझ्याकडं बघितलं. मी कसा दिसत होतो माहीत नाही, पण माझे डोळे भरले होते.

उतरल्यावर त्यानं जाळीमागं ठेवलेली गेरूची पुडी काढली. पुन्हा आलं तर हात कुठून घालायचा ते कळावं म्हणून खाली दोन बोटांनी एक मोठा टिपका लावला. जिथे जिथे चढायचा तिथे लावायचा. इतर धोंड्यांवर पावसात धुऊन जायचा. हा टिपका झुकलेल्या बाजूखाली होता. राहिला.

दसऱ्यानंतर आम्ही गेलो, तर टिपक्यापुढं नारळ फोडलेला. झेंडूची फुलं. आणि ठकूबाई बसलेल्या. त्यांची हरवलेली म्हैस त्याच धोंड्याच्या सावलीत सापडली होती, व्यालेली. शशीनं पायातले बूट काढले. विचारलं, "आजी, कोन देव गो हा?"

त्या म्हणाल्या, "नाव नाय ठावं रं. पन कोनीतरी गेरू लावलाय, जागा झाडून ठेवलीय. देवच हाय."

माझ्या ओठावर हसू आलं होतं. शशीनं माझा हात दाबला. वाकून नमस्कार केला, खोबऱ्याचा तुकडा प्रसाद म्हणून घेतला, आणि आम्ही गादी उचलून परत निघालो. अर्ध्या वाटेत म्हणाला, "अण्णा, आपला सगळ्यात चांगला धोंडा गेला." थोडं चालल्यावर म्हणाला, "जाऊ दे. कोनाला सांगू नका. त्या माउलीची म्हैस सापडलीय."

त्यानंतर तो त्या धोंड्यावर कधी चढला नाही. एकदाही नाही. तिथून जाताना बूट काढायचा.

आज हे बोलायच्या आधी, काल मी वाडीत गेलो. ठकूबाईंना सगळं खरं सांगितलं आणि विचारलं, सभेत सांगू का? तुमचा देव आहे, तुम्ही नको म्हणालात तर गप्प बसेन. त्यांनी आधी मला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "सांग. गेरू कोनी लावला त्याचा काय? नारळ तर मी फोडला ना. पन त्या पोरानं तवाच सांगायला पायजे व्हतं. शेंदूर मी त्याच्या हातानं लावून घेतला असता."

माई, माझ्याकडं बघा. तुमच्या पोरानं देवावर पाय दिला नाही. तो चढला तेव्हा तो नुसता धोंडा होता. देव झाला तेव्हा शशी खाली उतरला होता, आणि पुन्हा चढला नाही. चूक त्याची नव्हती, माई. रागावलेला देवही नव्हता. वळणावर कोणीतरी खडी सांडली आणि उचलली नाही. एवढे मोठमोठे धोंडे तो चढला, कोणी त्याला खरचटण्यापलीकडं काही केलं नाही. खडीनं घेतला.

आणि मी तिथे नव्हतो. हेच मला सोसत नाही. इतकी वर्षं मी त्याच्या खाली उभा राहिलो, आणि तो पडला तेव्हा मी दुकानात कापूस पिंजत होतो.

मंडळी, आता उभे राहूया. पण एक विनंती आहे. मान खाली घालून, हात बांधून नको. शशीला ते आवडलं नसतं. असे हात पुढं करा. तळवे उघडे. जरा वर. हां, असेच. जड होतील. होऊ द्यात.

माई, तुम्ही बसूनच राहा. तुम्ही आता फार उंचावरून पडताय, आम्हाला दिसतंय. म्हणून सगळे तुमच्याकडं तोंड करून उभे राहा रे. ठकूबाई, तुम्ही माईंच्या शेजारी या. उद्या आपण तिघं वाडीवर जाऊ. नारळ मी घेईन. शेंदूर माई लावतील.

आता दोन मिनिटं कोणी बोलू नका. आणि मी सांगेपर्यंत हात खाली करू नका.