नळीतले सहा चमचे

…अन् वर मलाच विचारतात, तुला काय कळतं! तुम्हाला सांगतो, औरंगपुऱ्यातल्या त्या दवाखान्यात आयसीयूच्या दारात आमचं अर्धं सिल्लोड बसलं होतं, डबे घेऊन! आत आमचे बापू, म्हणजे माझे वडील, पायातल्या काट्याची जखम चिघळली, विष रक्तात भिनलं, नाकात नळी, अन् बाहेर त्यांची थोरली बहीण, मनकर्णाआत्या, तुपातला शिरा मांडीवर घेऊन गळा काढती, "माणूस उपाशी हाय की रं!" काट्यावर आठ दिवस बिब्बा कुणी लावला? आमच्या चुलत्यांनी, तात्यासाहेबांनी! अन् तेच डॉक्टरीणबाईंना दमात घेतात, "नळीतनं तासाला चार चमचे? चिमणी हाय का ती?"

बाई बिचाऱ्या समजावतात, "अंगात आग लागलीय, शरीर आपलंच मांस जाळून साखर करतंय. वरून जास्त घातलं तर वापरता येणार नाही, साखरच चढेल. हळूहळू वाढवू." मग मी ह्या म्हाताऱ्यांवर असा ओरडलो, असा ओरडलो… "अडाण्यांनो, ऐका की जरा!" बी.एस्सी. अर्धी सोडलेली, पण बी.एस्सी.च ना!

म्हणून नळीचं डाळीचं पाणी करून थर्मासातून आणायचं काम माझ्याकडं. त्यात दवाखान्यानं दिलेली ताकदीची गोड पावडर दोन चमचे, मोजून. पण काय झालं… मी कॉलेज सोडलं त्या दिवसापासून बापू ताट सरकवायचे, "तू कॉलेजात जा, मग जेवतो." महिनाभर अर्ध्या भाकरीवर! आत त्यांच्या दंडाचं हाड दिसलं अन् माझ्याच डोक्यात आत्या बोलायला लागली, माणूस उपाशी हाय की रं… टाकले सहा चमचे!

दुपारी उलटी, साखर चारशेवर. सिस्टर बाहेर येऊन कडाडली, "थर्मासमधी काय घातलं? कोणी?" सगळ्यांनी कुठं बघितलं? शिऱ्याच्या डब्याकडं! तात्यासाहेब गरजले, "मनकर्णे, भावाला मारतीस व्हय?" अन् आत्या खाली मान घालून म्हणती, "थर्मास मीच घासला होता… बोटाला तूप असंल बाबा." अन् मी? मी गप. अख्खी बी.एस्सी. गप!

वाचले बापू. जनरल वॉर्डात आले, तोंडानं खायची परवानगी मिळाली, तेव्हा त्यांच्या कानात सगळं कबूल केलं. त्यांनी खिचडीची वाटी सरकवली, "आधी तिची माफी माग, मग जेवतो." झालं! पुन्हा माझ्याच पायी माणूस उपाशी!

तेवढ्यात आत्या आली. मी पाय धरले, तोंड उघडलं, "आत्या, ते सहा चमचे…" तर तिनं शिऱ्याचा गोळाच कोंबला तोंडात! "आधी खा. कसा सुकलाय… माणूस उपाशी हाय की रं!"

आता तुम्हीच सांगा, भरल्या तोंडानं माफी मागायची तरी कशी? तिकडं बापू वाटीवर हात ठेवून माझ्याकडं बघतायत… अन् मी आपला चावतोय.