चुन्याच्या डबीतलं कार्ड

— तिथंच पकडलं मी तुम्हाला. ‘अगं, गॅस बंद केलास का’ असं फोनवर म्हणालात ना, तिथंच. बनारसमध्ये, गाड्यांच्या सर्व्हिसिंगला येऊन, मराठीत बायकोला गॅस विचारणारा माणूस म्हणजे एक तर रेल्वेचा, नाही तर बँकेचा. बँक? बघा. बदली होऊन आलात आणि इथली कचोरी अजून पोटाला मानवलेली नाही, तेही चेहऱ्यावर दिसतंय. बसा, सरकू नका, मी पान घरीच थुंकून आलोय. मी ढुंढिराज. मंगला गौरीला राहतो, पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला, पिढ्या झाल्या. माझी भाषा ऐकून हसू येत असेल तर हसून घ्या — आमच्याकडं निम्मं मराठी, निम्मं हिंदी, आणि भांडण सगळं हिंदीत. शिक्षण आठवी. म्हणजे आठवीत बसलो होतो, उठलो कधी ते आठवत नाही. पुढं जन्मभर तुमच्याकडच्या यात्रेकरूंना काशी दाखवली. एकच गणपती तीन गल्ल्यांतून फिरवून तीन वेळा दाखवायचो — लोक तिन्ही वेळा कान पकडून उठाबशा काढायचे. त्यांचं पुण्य काही कमी झालं नसणार, आणि माझं काय, मी हसत झोपायचो.

ते काचेच्या खोलीत उभे आहेत ना, चौकडीचा शर्ट, हात सारखा नाचतोय — तो माझा मुलगा, प्रसन्न. रेल्वेत आहे. नावाला प्रसन्न. त्याच्या बाजूला निळ्या साडीत माझी सून, शरदिनी, कॉलेजात शिकवते. आणि तो खाली मान घालून उभा आहे तो विष्णु, इथला मिस्त्री. बरा मुलगा आहे, दर वेळी मला म्हणतो, बाबा, आधी तोंड रिकामं करा, मग सोफ्यावर बसा. ऐकत नाही मी, पण म्हणतो तो. खुर्चीतला तो मॅनेजर. आता तुम्ही म्हणाल, चार माणसं एवढा वेळ करतायत काय — सांगतो ना, तुमची गाडी काय इतक्यात येत नाही, तिला आत्ताच वर चढवलंय.

आमच्या गाडीत तो नकाशा आहे. टेपच्या खाली एक फट, फटीत नखाएवढं कार्ड, कार्डात सगळा हिंदुस्तान. बाई बोलते त्यात, डावीकडे वळा, उजवीकडे वळा. आज यांनी सर्व्हिसिंगला कंपनीचं काही तरी नवीन आत भरलं आणि पडदा काळा पडला. बाई बंद, मागचा कॅमेरा बंद. मग यांनी कार्ड काढून बघितलं, तर ते म्हणे कंपनीचं नाहीच, बाहेरचं, नकली. मॅनेजर म्हणतो, बाहेरचं कार्ड घातलंत, आता पडद्याची वॉरंटी विसरा. प्रसन्न म्हणतो, आमच्या घरात असली कामं कुणी करत नाही, मागच्या सर्व्हिसिंगला गाडी दिवसभर तुमच्याकडं होती, विष्णुच्या हाताखाली होती, त्यानंच असली कार्ड काढून विकलं आणि नकली घातलं. घरात कुणी करत नाही — हे त्यानं एवढ्या मोठ्यानं सांगितलं की चहावालासुद्धा थांबला. मला अभिमान वाटायला हवा होता, नाही?

चुना चालतो तुम्हाला? नाही, तुम्ही बँकेतले. मला लागतो. ही माझी डबी. पितळेची. — नाही, उघडत नाही आत्ता. का म्हणजे, नाही उघडत.

काय बघताय असं? बरं, बघा. दिसलं? चुन्याच्या बाजूला, प्लास्टिकच्या कागदात. हेच ते. कंपनीचं, असली. सकाळी बरोबर घेऊनच आलो होतो, म्हटलं गाडी आत जायच्या आधी हळूच बदलून टाकू — तर प्रसन्ननं दारातच चावी देऊन टाकली. त्याला प्रत्येक गोष्टीची घाई.

आता चोर वगैरे म्हणू नका, ऐकून घ्या. आमच्याकडं होळीला उपाध्या देतात, म्हणजे टवाळीची टोपणनावं. सबंध बनारसमध्येच चालतं ते, पण आमच्या मराठी घरांमध्ये उपाध्या द्यायचं काम माझ्या वडिलांचं, आणि त्यांच्यानंतर माझं. धुळवडीच्या सकाळी प्रत्येकाच्या दारावर चिठ्ठी. माणूस उठतो, दार उघडतो आणि त्याला कळतं की वर्षभर लोक त्याला मनात काय म्हणतात. रागावायचं नाही हा नियम — रागावला त्याला पुढच्या वर्षी तीच उपाधी. पण यंदा गुडघे. बालाजी घाटापर्यंतच्या पायऱ्या आणि प्रत्येकाच्या दाराशी वाकायचं — नाही झालं. आणि त्यात हा नकाशा! या बाईला आमचा मोहल्लाच माहीत नव्हता हो. मैदागिनला पोचलं की म्हणायची, तुमचं ठिकाण आलं. अरे, ठिकाण कुठं आलं? तिथं तर आम्ही गाडी उभी करतो, खरं चालणं तिथून पुढं. मला राग आला. मग एका मोबाईलच्या टपरीवाल्यानं सांगितलं, गुरू, मी दुसरं कार्ड बनवून देतो, गल्ली-गल्ली आत असेल, आणि पाहिजे त्या जागेला पाहिजे ते नाव घाला, बाई तेच बोलेल.

पाहिजे ते नाव! तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या माणसाला असं सांगायचं असतं का?

बसून सगळी नावं घातली. प्रेमलाकाकूंच्या घराला ‘आकाशवाणी केंद्र’. विश्वेश्वर भटजींच्या घराला ‘दक्षिणा नाका’. प्रसन्नच्या ऑफिसला ‘विश्रांतिगृह’. आमच्या स्वतःच्या घराला ‘वेड्यांचा बाजार’, म्हणजे मला कुणी पक्षपाती म्हणायला नको. होळीच्या दिवशी सगळ्यांना बाहेरच्या रस्त्यानं गाडीतून फिरवलं आणि बाई अगदी गंभीर आवाजात बोलायला लागली — दक्षिणा नाका दोनशे मीटरवर आहे — भटजी तर हसता हसता सीटखाली गेले. प्रेमलाकाकू बोलली नाही, पण तिनं न बोलणं हीच मोठी गंमत. प्रसन्न तेवढा गावाला होता, त्याला काही माहीत नाही. नंतर मी म्हटलं, असली कार्ड परत घालू, आज घालू, उद्या घालू... राहिलं.

एवढंच. गंमत. बघा, तुम्हीही हसलात.

...

नाही, एवढंच नाही. काय आहे, टपरीवाल्यानं जुन्या कार्डातल्या जागा नव्यात उतरवून दिल्या, म्हणजे घरच्यांनी आधी घालून ठेवलेल्या. त्यात एक जागा होती, सिगरा भागातली. तिला नावच नाही. नुसता ठिपका, आणि गाडी तिथं पुन्हा पुन्हा गेलेली. माझं नाक लांब, माहीत आहे मला. टोटो केली — टोटो म्हणजे आमची ती बॅटरीची रिक्षा — आणि गेलो बघायला. दवाखाना निघाला. बाहेर पाटीवर गुटगुटीत बाळाचं चित्र. ज्यांना मूल होत नाही त्यांचा. आत बाकावर सगळ्या जोडीनं बसलेल्या, आणि एकटी — मी आत गेलो नाही, बाहेरूनच परत आलो. गाडी तिथं शरदिनी नेते, हे मला कळलं होतं. प्रसन्न तर रविवारीसुद्धा झोपेतून उठत नाही.

आता चांगला माणूस काय करतो? गप्प बसतो. किंवा घरी जाऊन मुलाचा कान धरतो, म्हणतो, गाढवा, ती एकटी जाते तिथं. मी काय केलं? मी टपरीवर गेलो आणि त्या ठिपक्याला नाव दिलं. ‘नातू भांडार’.

मला तेव्हा हसू आलं हो. खरं सांगतो, वाईट मनानं नव्हतं. मला वाटलं, आपल्यालाही हवाच आहे नातू, तिलाही हवा आहे, दोघांचं एकच दुकान — ती वाचेल, लाजेल, हसेल, म्हणेल, बाबा, तुम्ही पण ना. होळीला सगळ्यांना दाखवलं नाही मी ते, एवढी अक्कल होती. तिच्या एकटीसाठी ठेवलं होतं. पण ती काही म्हणालीच नाही. मला वाटलं, वाचलंच नसेल. बरं झालं, म्हटलं.

आणि आता सांगा, मी आत जाऊन काय बोलू? बोललो, की कार्ड मी घातलं, तर तो मॅनेजर म्हणणार दाखवा, काय आहे त्यात. तो भिंतीवरचा मोठा पडदा बघितलात? लावतात त्याच्यावर, मघाशी कुणाच्या तरी गाडीचं लावलं होतं. सगळी नावं वर येणार, चहावाल्यासमोर, तुमच्यासमोर, प्रसन्नसमोर. दवाखान्याचा पत्ता आणि त्याच्या डोक्यावर माझी उपाधी. आणि नाही बोललो — तो बघा, विष्णु. मॅनेजर त्याला शर्टावरची नावाची पट्टी काढायला सांगतोय. काढतोय बघा तो. मला वाटलं भांडेल. भांडतसुद्धा नाही मुलगा. मी सोफ्यावर बसलोय, डबी खिशात आहे आणि तो पट्टी काढतोय.

आणि शरदिनी का गप्प आहे? तुम्ही बघितलंत, आल्यापासून एक शब्द नाही. एरवी भाजीवाल्यावर अन्याय झाला तर भांडते ती. प्रसन्ननं विष्णुचं नाव घेतलं तेव्हा तिनं त्याच्याकडं नाही, काचेतून माझ्याकडं बघितलं. मी हात केला, असा. म्हटलं, ऊन लागत असेल तिला, दमली असेल. हल्ली दमते. होळीपासून गाडी नेतच नाही कुठं, टोटोनं हिंडते, धूळ खात. मी चिडवायचो, म्हटलं, मास्तरीणबाई, घरची गाडी असून धक्के खाता — तर म्हणाली, ‘गाडी फार बोलते, बाबा.’ एवढंच म्हणाली आणि चप्पल घालून निघाली. मी हसलो की. सबंध मोहल्ल्यात सांगत फिरलो, आमची सून म्हणते गाडी फार बोलते —

...

गाडी फार बोलते.

होळीपासून.

म्हणजे तिनं गाडी काढली. सिगऱ्याच्या वळणावर आली, एकटीच गाडीत. आणि ती बाई बोलली असणार, त्या तिच्या गंभीर आवाजात. नातू भांडार, दोनशे मीटरवर... आणि शरदिनीला कळलं असणार हे कुणाचं काम. दुसऱ्या कुणाचं असणार? आणि ती घरी आली, मला चहा दिला, साखर कमी घातली कारण मला डॉक्टरनं सांगितलंय — आणि एक शब्द नाही बोलली. रागावायचं नाही, हा माझाच नियम ना.

धरा हो जरा, ही पिशवी धरा. उठतो मी. गुडघा — हां, झालं. जातो. सांगतो, मॅनेजर, पडद्यावर लावू नका, पायाशी पडतो पाहिजे तर, पण विष्णुची पट्टी त्याला परत — थांबा. दार उघडलं. ऐकताय? ती बोलतेय.

‘विष्णु को जाने दीजिए। कार्ड मैंने डाला है।’

ऐकलंत तुम्ही. मी नाही, ती म्हणाली, मीच घातलं. प्रसन्नचं तोंड बघा, वासलेलं. मॅनेजर म्हणतोय, लावून बघू या काय आहे त्यात — नाही, नाही दिलं तिनं. टेबलावरचं कार्ड उचललं आणि मूठ मिटली. वॉरंटी नको म्हणतेय, पडदा नको म्हणतेय, काळाच राहू दे म्हणतेय. विष्णुच्या हातातली पट्टी तिनं स्वतः घेतली आणि टेबलावरून त्याच्याकडं सरकवली.

इकडं येतेय. साहेब, तुम्ही जरा पलीकडं बघा. किंवा राहू दे, बघा.

ये, शरदिनी. अगं, मी येतच होतो आत. ह्यांना विचार, हे बँकेतले आहेत, खोटं नाही बोलणार — उठलो होतो मी. पिशवीसुद्धा दिली होती ह्यांच्याकडं. हे बघ, असली इथंच आहे, डबीत, थोडा चुना लागलाय, पुसून देतो — काय? हात? हा घे. हो. हे माझंच कार्ड, नकली. हो, ओळखतो मी. ठेवतो. नाही, कुणाला दाखवत नाही. तू... प्रसन्नला मी सांगू का? तू सांगू नकोस, मी सांगतो, म्हणजे तुझं नाही सांगत, माझं सांगतो. काही तरी बोल गं. एखादी उपाधी दे मला. चालेल मला, कसलीही.

अगं, तिकडं कुठं? आपली गाडी मागच्या अंगाला लावलीय. शरदिनी, त्या बाजूला रस्ता आहे, तिथं नुसत्या टोटो उभ्या —

पिशवी द्या साहेब. तुमचं नाव पुकारतायत.