सगळ्या माना मागे

रडा की, खुशाल रडा, कोण नको म्हणतंय — पण त्या सीटवर नको मॅडम, उठा, उठा आधी — तिथं सकाळी केजीच्या एका पोरानं ओकलंय. मी पुसलंय, वर सेंटही मारलाय, पण फोमची सीट ती, आत काय काय मुरलंय ते अल्लालाच ठाऊक. इकडे या. ही खिडकीजवळची घ्या. ही चांगली. इथं मागच्या वर्षी सायन्सच्या टीचर रडल्या, त्यांच्या आधी म्युझिकचे सर — ते तर सुरात रडायचे — म्हणजे सीट अनुभवी आहे. हसलात? नाही? बरं, नका हसू. बसचा एसी चालू आहे, मुश्ताक ड्रायव्हर जुम्म्याच्या नमाजाला गेलाय, जाताना मला म्हणाला, मैमुनाबी, बसकडे लक्ष ठेव — बसकडे लक्ष काय ठेवायचं, ती काय पळून जातेय? पळून जाणारी माणसं असतात. पोरं आज आपापल्या आईबापांबरोबर गेली, ओपन हाऊस ना, पालक वर्ग बघायला आलेले, त्यामुळे बस रिकामी. रुमाल आहे का? हा घ्या. नको नको, तो नको, त्यानं मी काच पुसते. हा.

काय बघताय सारखं बाहेर? प्रिन्सिपल साहेबांची गाडी? आहे की, उभी आहे. शुक्रवारी ते घरी अबुधाबीला जातात, एकदा गेले की सोमवारपर्यंत दिसत नाहीत, हे काय मला माहीत नाही? तुम्हाला वर जाऊन सांगायचंय, साहेब, घ्या तुमची नोकरी, मी चालले. मग जा की. मी कुठं अडवलंय? — दारात उभी आहे ती सवय म्हणून. हा हात आडवा दिसतोय तो दांडा धरलाय म्हणून. म्हातारी बाई आहे, पडले बिडले तर? जाल, जाल. आधी डोळे पुसा. रडक्या तोंडानं राजीनामा दिला की साहेब पाण्याचा ग्लास पुढे करतात आणि माणूस राजीनामा विसरून पाणी पितं. सायन्सच्या टीचरचं तेच झालं. पाणी पिऊन खाली आल्या आणि मला म्हणाल्या, मैमुनाबी, मी कशाला गेले होते गो वर?

पण मॅडम, खरं सांगते, राग मानू नका — आज मी जन्मात हसले नव्हते इतकी हसले. तुम्हाला दिसलं नसेल, तुम्ही वर्गात मागे त्या एवढ्याशा खुर्चीवर बसला होतात, गुडघे हनुवटीला लावून. मी दारात ज्यूसचा ट्रे घेऊन उभी. आम्हा बस आंटींना आज ज्यूसची ड्युटी होती — बसमध्ये पोरं सांभाळता तर ज्यूसही सांभाळा. तर मला सगळं दिसत होतं. हे धडा-बिडा सगळं तुम्ही बसवलेलं, मला ठाऊक नाही का, किती दिवस पोरं बसमध्ये तेच पाठ म्हणत होती — उंट कुठं चालला, उंटानं काय खाल्लं, उंटाला कोण भेटलं — माझ्या स्वप्नात उंट यायला लागला. आणि तुमच्या त्या खुणा! कानाला हात लावला की पूर्ण वाक्यात बोला, तळहात खाली केला की हळू बोला. बसमध्ये ईशानी मला शिकवत होती. मी कानाला हात लावला की सगळी बस एका सुरात! आणि तळहात खाली केला की — गप्प! मी म्हटलं, या मॅडमना सलाम. इतकी वर्षं मी घसा फोडतेय, यांचं नुसत्या हातावर भागतं.

आणि आज सकाळी ऐन वेळेला साहेब काय म्हणतात — मिस सॅम, तुम्ही मागे बसा, धडा मिस्टर कॉलिन घेतील. मिस सॅम! तेही मला कळत नाही. चांगलं समिधा नाव, पण ते म्हणे पालकांना जड जातं. आमच्या बसमध्ये अब्दुलरहमान आहे, त्याच्या बापाला समिधा जड जातं? तर कॉलिन. आता कॉलिनचा काय दोष, तो गोरा जन्माला आला. गोरा माणूस फळ्यापुढे उभा राहिला की इंग्रजी आपोआप बाटलीतून ओतल्यासारखं पोरांच्या पोटात जातं, असं पालकांना वाटतं — आणि पालकांना असं वाटतं, असं साहेबांना वाटतं. खरं कुणाला काय वाटतं, कुणी कुणाला विचारलंय?

मग कॉलिननं विचारला पहिला प्रश्न. हसत विचारला, छान विचारला. आणि सगळ्या वर्गानं त्याच्याकडे पाठ केली! एकजात सगळ्या माना मागे! कुणाकडे? तुमच्याकडे! पोरांचं काय चुकलं, त्यांना ठाऊक आहे, प्रश्न आला की मॅडमच्या हाताकडे बघायचं. हात जिकडे, तिकडे तोंड. पोरांनी माना वळवल्या म्हणून पालकांनी वळवल्या. साहेबांनीही वळवली. आणि तुम्ही! अहो, तुम्ही गप्प बसायचं की नाही? तुम्ही कानाला हात लावलात! — माहीत आहे, माहीत आहे, सवय. मीही घरी गेले की कुणी उभं राहिलं तर बेल्ट लाव म्हणते. पण सगळ्या वर्गानं मागच्या भिंतीला तोंड करून पूर्ण वाक्यात उत्तर दिलं, आणि तिकडे फळ्यापाशी तो बिचारा उंटाचं चित्र हातात धरून एकटा. तो बाप मोबाइलवर शूटिंग करत होता ना, त्यानंही मोबाइल फिरवला. आता त्याच्या व्हिडिओत कॉलिन नाहीच. फक्त तुम्ही आणि तुमचे गुडघे. त्यात आमची ईशानी, आईबाप डोंबिवलीचे, पण पोरीला मराठीत हाक मारा, इंग्रजीत ओ देते — ती उभी राहून काय म्हणाली, मिस सॅम, आर यू इन ट्रबल? माझ्या ट्रेमधले दोन ग्लास सांडले मॅडम. एक साहेबांच्या बुटावर. मुद्दाम? छे! — दुसरा मुद्दाम.

हं, आलं, आलं जरा हसू. मिटवू नका.

त्यानंतरचंही ऐकलंय मी. ट्रे परत द्यायला ऑफिसशी गेले होते, दार उघडंच होतं — बरं, नव्हतं उघडं, मी उघडलं. तुम्ही पोरांना बिघडवलंत, साहेब म्हणाले. पुढच्या टर्मपासून वर्ग कॉलिनचा, तुम्ही असिस्टंट. म्हणजे धडे तुम्ही लिहायचे, वह्या तुम्ही तपासायच्या, नाकं तुम्ही पुसायची आणि फोटो त्याचा. फोटो म्हणजे काय, या बसच्या बाहेरच आहे की, एवढा मोठा, दात काढून. रोज सकाळी वाळूची धूळ बसते आणि मी त्याचं तोंड पुसते. पहिले पहिले लाज वाटायची — परक्या पुरुषाचे गाल असे चोळायचे. आता कान पण पुसते. पण त्याला तरी सुख आहे का? इंग्रजी शिकवायला आणला आणि पोहायला शिकवायला लावला. त्याला पोहता येत नाही! काठावर उभा राहून शिट्टी वाजवतो. पाहुणा आला की त्याला वर्गातून उपटून गेटवर उभा करतात, कुंडीसारखा. मघाशी पार्किंगमध्ये मला भेटला, तोंड एवढंसं. इज शी ओके? म्हणून विचारलं मला. मी म्हटलं, नो ओके. साहेबांना सांगून आलाय म्हणे, धडा माझा नव्हता. ऐकलं कुणी? छे. हबीबी, हबीबी करून पाठ थोपटली त्याची.

बघा ना, नो ओके म्हटलं मी. फाडकन. येतं मला इंग्रजी. म्हणजे बसपुरतं येतं — सिट, बेल्ट, नो पुशिंग, वॉटर बॉटल, फिनिश, गो. पोरांना आणखी काय लागतं? या अल ऐन गावाच्या सगळ्या चौकांतून मी एवढ्या शब्दांवर पोरं घरी पोचवलीत, एक इकडचं तिकडे झालं नाही. आता म्हणे तेवढं पुरत नाही, सोमवारी —

काही नाही. कोण कुठं काय म्हणतंय? कुणी नाही. तुम्ही पाणी पिता? तुमच्या पुण्याचं बोला, पुण्याला जाऊन काय करणार तुम्ही? तिथं काय कॉलिन नसतील? — नाही हो, सोमवारचं मी कुठं बोलले? मी शुक्रवारचं बोलत होते. बोलले का सोमवार? मघाशी? ते साहेबांचं. साहेब सोमवारी येतात, एवढंच. तुम्ही टीचर लोक ना, एक शब्द निसटला की शेपटी धरता.

अहो, परीक्षा आहे, झालं? सोमवारी. बस आंटींची. इंग्रजीची, तोंडी. नवा नियम काढलाय, पालकांचा फोन आला तर आंटीला बोलता आलं पाहिजे. पास होईल ती राहणार, नाही होणार ती — यल्ला, चल घरी. आणि परीक्षा कोण घेणार? तुम्ही. असे डोळे काय मोठे करता? तुम्हाला ठाऊकच नाही? साहेबांनी सांगितलं नाही? घ्या! तुमच्या डोक्यावर काम टाकलं आणि डोक्यालाच कळवलं नाही. आम्हाला आठवडाभर माहीत आहे. मला वाटलं, मॅडम चांगल्या आहेत, ठाऊक असून दाखवत नाहीत. — आणि तुम्ही गेलात तर कॉलिन घेणार. तो वाईट नाही. तोच तर घोळ आहे, तो सरळ माणूस. त्याच्यापुढे माझं तोंड उघडतं आणि आतून मराठी येतं. तो हसून मान हलवतो, मी हसून मान हलवते, दोघं बैलासारखे. तुमच्यापुढे निदान मी मराठीत अडखळेन, तुम्ही म्हणाल, हं मैमुनाबी, हेच आता इंग्रजीतून सांगा. खोटं पास करा असं नाही म्हणत मी. नापास करायचं तर तुम्ही करा. ओळखीच्या माणसानं केलेलं बरं.

नाही, घरी तसं काही वाईट नाही. हर्णैला सून आहे, हाफिजा, सोन्यासारखी पोरगी. तीच तर पंचाईत. अम्मी, आता आराम करा. अम्मी, उठू नका. गेल्या सुट्टीत मी भाकरी थापायला बसले तर हातातनं परात काढून घेतली आणि खाटेवर नेऊन बसवली, पाठीशी उशी, हातात चहा. दुपारी पुन्हा चहा. येणारे जाणारे दारातून वाकून बघून जायचे. माणूस काय लोणचं आहे, झाकण लावून फळीवर ठेवायला? इथं सकाळी मी दार उघडलं की एवढाली पोरं आंटी, आंटी करून अंगावर पडतात, कुणाचा दात पडलाय, कुणाला बहीण झालीय, एकानं खिशात पाल आणलेली — मीच सांगितलं होतं आण म्हणून, ते जाऊ दे. तिकडे गेले की कोण मला पाल दाखवणार?

तर म्हणून दार अडवलं. खलास. आलं बाहेर. मोठी तुमच्या भल्याचं सांगायला निघाले होते आणि निघालं काय, माझंच दुखणं. हसू नको बाय, हसू नको, आता मी हसत नाहीये. जा तू. हा बघ, हात काढला. गाडी आहे अजून, साहेब वरच असतील. माझ्या परीक्षेसाठी तू मागच्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं, हा कुठला न्याय? ज्याचं काम त्याचं नाव, ते इथं नसेल मिळत तर जा, ताठ जा, पाणी दिलं तर पिऊ नको. माझं मी बघेन. नापास झाले तर जाण्याआधी कॉलिनच्या फोटोला एवढी मोठी मिशी काढेन, पुसायला दुसरी आंटी असेलच. जा. ऊठ ना. बसून काय राहिलीस? — राहिलात?

काय? सोमवारी तुम्हीच घेणार? आणि साहेबांना काय सांगणार? — असिस्टंट होणार नाही म्हणून? होणार नाही, आणि जाणारही नाही, वर्ग माझा आहे? हे सांगणार त्यांना? आणि नाही म्हणाले तर? — तर मग जाणार. म्हणजे परीक्षेनंतर. बरं. बरं बाई. इन्शाल्ला म्हणा. तसलं इन्शाल्ला नको हो, साहेब पगारवाढीला म्हणतात तसलं, खरं म्हणा. हं.

आता? आता कशाला? नाही मॅडम, आता नको, मुश्ताक येईल, फिदीफिदी हसेल मेला. एकच प्रश्न? बरं, विचारा. — अहो, पूर्ण इंग्रजीत? थोडं मराठी घाला की मध्ये. नाही? डोळे वटारू नका. पुन्हा विचारा. हळू. — हं. कळलं. हे काम मला का आवडतं. कळलं मला, सगळं कळलं. उत्तरही आहे, पोटभर आहे, आत्ता तर सांगितलं. थांबा, बसते जरा. जुळवू द्या. तुम्ही फार बोलता मॅडम, मध्ये बोलू नका. गप्प बसा.

आय —